जाड पात्याचा हिशेब

पंचवीस-तीस हजार रुपयांचा सुरा. पातं सहा मिलिमीटर जाड, पोलाद नावाजलेलं, धार अशी की मनगटावरचे केस साफ उडावेत. हौसेनं तो ओट्यावर आणून गाजरावर टेकवला आणि दाबला, तर पातं निम्म्यावर जाऊन अडतं. आणखी जोर लावला की ‘टक्’ आवाज होतो, गाजर कापलं न जाता तडकतं आणि चकती उडून शेगडीमागे जाते. शेजारी पडलेली दीडशे रुपयांची सुरी त्याच गाजराच्या पलीकडचं दिसेल इतक्या पातळ चकत्या पाडते.

सुऱ्याला धार नाही म्हणावं, तर केस उडताहेत. मग पैसे गेले कशात?

असे सुरे ‘सर्व्हायवल नाइफ’ या नावानं विकले जातात. रानात, बर्फात किंवा पडलेल्या विमानाजवळ माणूस अडकला आणि हाताशी एवढंच हत्यार असलं, तर त्यानं लाकूड तोडावं, फोडावं, निवारा उभारावा, दोर कापावा, वेळ पडली तर पत्राही फाडावा, ही त्यामागची कल्पना. पातं साधारण १५ ते २५ सेंटीमीटर, न मिटणारं. स्वीडनच्या फॉलक्निव्हेन कंपनीचा ‘ए१’ हा त्यातला एक प्रसिद्ध नमुना: पातं १६ सेंटीमीटर, जाडी ६ मिलिमीटर. त्याच कंपनीचा लहान ‘एफ१’ १९९५पासून स्वीडिश हवाई दलाच्या वैमानिकांकडे आहे. गाजर हा या सुऱ्यांचा विषयच नाही. पण ते का तडकतं हे कळलं, की या सुऱ्याचं निम्मं शास्त्र कळतं.

धार वेगळी, जाडी वेगळी

पात्याची कड जिथे वस्तूला पहिल्यांदा टेकते ती धार. ती किती बारीक आहे यावर सुरुवात कशी होते ते ठरतं. पण धार आत गेली की तिच्या मागून पात्याचं अंग आत शिरू लागतं आणि त्याला जागा करून देण्यासाठी वस्तूला दोन्ही बाजूंना सरकावं लागतं. टोमॅटो मऊ असतो, तो सरकतो. गाजर ताठ असतं. ते थोडं दबतं आणि मग धारेच्या पुढेच चीर धावते.

आकडे पाहू. स्वयंपाकाच्या सुरीचं पातं पाठीकडे २ मिलिमीटर जाड आणि ४० मिलिमीटर रुंद धरलं, तर पाठीपासून धारेपर्यंतच्या निमुळतेपणाचा कोन ३ अंशांहूनही कमी येतो. जाड सुऱ्याचा उतार बहुधा पात्याच्या मध्यावरून सुरू होतो, म्हणजे ६ मिलिमीटरची जाडी जेमतेम २० मिलिमीटरांत संपवायची असते. हा कोन १७ अंशांच्या आसपास जातो. याला पातं म्हणण्यापेक्षा धार लावलेली पाचर म्हणणं जास्त खरं.

आणि पाचरच हवी असते. पावसाळ्यात सह्याद्रीत कुठेही जा, पडलेलं लाकूड बाहेरून चिंब असतं, पण मनगटाएवढ्या फांदीचा गाभा बऱ्याचदा कोरडा सापडतो. तो मिळवायचा तर फांदी उभी फोडावी लागते. फांदीच्या तोंडावर पातं आडवं ठेवायचं, पाठीवर दुसऱ्या दांडक्यानं ठोकायचं. पातं चार बोटं आत गेलं की लाकडाची चीर धारेच्या पुढे पळू लागते. धार लाकडाला शिवतही नाही, सगळं काम जाड अंग करतं. गाजराच्या बाबतीत जो दोष होता, तोच इथे गुण. पातळ सुरी इथे लाकडात अडकते, वाकते, आणि ठोकणारा चिडून बाजूनं मारायला लागला की तुटते.

जाडीचा फायदा आपल्याला वाटतो त्यापेक्षा कितीतरी मोठा असतो. पट्टीची जाडी दुप्पट केली, तर वाकायला होणारा तिचा विरोध दुप्पट नाही, आठपट होतो. तिप्पट केली तर सत्तावीसपट. म्हणजे रुंदी-लांबी तीच ठेवून २ मिलिमीटरऐवजी ६ मिलिमीटर पट्टी घेतली, की हातानं वाकणारी वस्तू हातानं न वाकणारी होते. वजन मात्र तिप्पटच वाढतं.

चिक्कीत दडलेलं पोलादाचं गणित

आता पोलाद. दुकानदार ‘हार्डनेस ६० आहे साहेब’ असं सांगतो, आणि आपण मान डोलावतो. हा आकडा रॉकवेल नावाच्या चाचणीतला. हिऱ्याचं टोक ठरावीक दाबानं पोलादात रोवायचं आणि खड्डा किती खोल पडला ते मोजायचं. खड्डा जितका उथळ, तितका आकडा मोठा. नाजूक कामाच्या जपानी सुऱ्या ६० ते ६४च्या घरात असतात, मोठे रानातले सुरे साधारण ५६ ते ६०, आणि कुऱ्हाडी त्याहूनही खाली. मग सर्वांत कठीण पोलाद सर्वांत मोठ्या सुऱ्याला का नको?

कारण कठीण असणं आणि चिवट असणं हे दोन निराळे गुण आहेत आणि बहुतेक वेळा एकाला वाढवलं की दुसरा घटतो. चिक्की आठवा. पाक कडक झाला की चिक्कीत नख रुतत नाही, पण ती वाकतही नाही, कट्कन तुटते. पाक जरा अलीकडेच उतरवला की तीच वडी चिवट होते. वाकते, ओढली जाते, नख लावलं की खूण उठते. पोलादाच्या धारेचंही असंच. फार कठीण धार गाठीवर आपटली की तिचा तुकडा उडतो. फार मऊ धार त्याच गाठीवर वळते. सुरा बनवणाऱ्याला पाक नेमका कुठे उतरवायचा हे ठरवावं लागतं.

हा पाक पोलादात कसा साधतात? सुऱ्यांच्या साध्या पोलादात लोखंडाबरोबर साधारण एक टक्क्यापर्यंत कार्बन असतो. अमेरिकन मरीन सैनिकांसाठी १९४२मध्ये ठरलेला सात इंची का-बार सुरा आज ज्या पोलादात बनतो, त्याच्या नावातला १०९५ हा आकडा ०.९५ टक्के कार्बन सांगतो. असं पोलाद ८०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवलं की लोखंडाचे अणू मांडणी बदलतात आणि कार्बनला आत शिरायला जागा होते. मग ते एकदम तेलात किंवा पाण्यात बुडवायचं. लोखंड पूर्वीच्या मांडणीकडे परतू पाहतं, पण कार्बनला बाहेर पडायला वेळच मिळत नाही. तो आत अडकून बसतो, मांडणी ताणलेली राहते, आणि पोलाद अतिशय कठीण, पण ठिसूळ होतं. ते पुन्हा २०० अंशांच्या आसपास तास-दोन तास तापवलं की थोडा ताण सुटतो. कठीणपणा थोडा जातो, चिवटपणा बराच येतो.

आपले लोहार कोयत्याला पाणी पाजतात ते हेच. भट्टीतून लाल काढलेल्या पात्याची फक्त धार पाण्यात धरायची, बाहेर काढून घासायची आणि मागच्या गरम भागातली ऊब धारेकडे सरकताना रंग पाहत थांबायचं. आधी गवती पिवळा येतो, मग तांबूस, मग निळा. हवा तो रंग धारेशी पोहोचला की पातं पुन्हा पाण्यात. नेपाळमधले खुकरी घडवणारे कामी तर किटलीच्या तोटीतून फक्त धारेवरून पाण्याची धार सोडतात. कड कठीण होते, पाठ मऊ आणि चिवट राहते. यातली बरीच पाती मालमोटारींच्या जुन्या कमानपाट्यांतून घडलेली असतात. वर्षानुवर्षं खड्डे सोसण्यासाठी बनवलेलं ते पोलाद चिवट असणारच. लोहार मन लावून काम करणारा असेल, तर त्याचा कोयता चिवटपणात महागड्या सुऱ्याला हार जात नाही, असं माझं मत आहे. महागड्या सुऱ्यात फरक येतो तो पुढच्या पायरीवर.

चिक्कीत पाकाबरोबर दाणेही असतात. पोलादातही असतात. कार्बन काही धातूंशी जुळून अत्यंत कठीण कण तयार करतो, त्यांना कार्बाइड म्हणतात. हे कण धार झिजू देत नाहीत. डी२ नावाच्या पोलादात दीड टक्का कार्बन आणि बारा टक्क्यांच्या आसपास क्रोमियम असल्यानं असे कण भरपूर होतात. पण वितळलेलं पोलाद साच्यात सावकाश थंड होत असल्यानं ते वाढत वाढत मोठे होतात. अख्ख्या दाण्यांची चिक्की दाणा आणि गूळ यांच्या सांध्यावरच तुटते. डी२ची धार आपटली की तीही अशा मोठ्या कणापाशीच फुटते.

उपाय उघड आहे. दाण्याचं कूट करायचं. वितळलेल्या पोलादाची धार सोडून तिच्यावर जोरकस वायूचा झोत मारतात. तिचे बारीक थेंब होतात आणि प्रत्येक थेंब क्षणात गोठतो, कणांना वाढायला वेळच मिळत नाही. ही भुकटी पोलादी डब्यात भरून, हवा काढून, प्रचंड दाब आणि उष्णता देऊन तिचा पुन्हा सलग ठोकळा करतात. अमेरिकेतल्या क्रूसिबल कंपनीनं काढलेलं सीपीएम ३व्ही हे अशा भुकटीतून आलेलं पोलाद: ०.८ टक्के कार्बन, साडेसात टक्के क्रोमियम, पावणेतीन टक्के व्हॅनेडियम. कण बारीक आणि सारखे पसरलेले, म्हणून ६०च्या आसपास कठीण ठेवूनही ते गाठींवर सहजी फुटत नाही. कठीण आणि चिवट या दोन टोकांतली ओढाताण त्यानं संपवली नाही, पण दोर बराच सैल केला. ठोकळा बनवायला महाग, कापायला-घासायला त्रासाचा, भट्टीचं तापमान काटेकोर पाळावं लागतं. तुमच्या पंचवीस-तीस हजारांतला मोठा वाटा इथे जातो. त्यापुढे जे पैसे जातात ते बहुधा दुर्मिळ लाकडाच्या मुठीचे, मर्यादित संख्येचे आणि नावाचे असतात. रानात त्यांचा उपयोग नाही.

पोलादाचं नाव वाचून सुरा घेणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं. नाव फक्त साहित्य सांगतं. ३व्ही भट्टीत बिघडवलं, तर नीट पाणी पाजलेला कोयता त्याच्यापेक्षा बरा.

मुठीच्या आत काय आहे

१९८२च्या ‘फर्स्ट ब्लड’ या चित्रपटात सिल्व्हेस्टर स्टॅलोनच्या हातात जो सुरा होता, तो आर्कान्सासच्या जिमी लाइल यांनी बनवलेला. मूठ पोकळ, आत काड्यापेटीतल्या काड्या आणि मासे धरायची दोरी, टोपणात होकायंत्र, पाठीवर करवतीचे दात. लाइल कसलेले कारागीर होते. त्यांच्या मागून जगभर ज्या स्वस्त नकला निघाल्या, त्या मात्र लाकडावर चार घाव घातले की मुठीपाशी तुटत.

का तुटत? घाव बसतो तेव्हा सगळा वाकवणारा जोर पातं आणि मूठ यांच्या सांध्यावर गोळा होतो. मूठ पोकळ ठेवायची म्हणजे पातं आत फार जाऊ शकत नाही. नकलांमध्ये ते बोटभर पुढे आलेल्या बारीक आट्यांच्या दांडीवर नटानं आवळलेलं असे. पात्याची रुंदी जिथे एकदम घटते तिथला आतला कोपरा काटकोनात कापलेला असला, तर आणखी घात. जोर रुंद भागातून अरुंद भागात जाताना कोपऱ्यापाशी दाटतो आणि पहिली भेग तिथेच पडते. चांगले कारागीर तो कोपरा गोल ठेवतात. पन्नास पैशांचं काम, पण सुरा घेताना मी आधी तेच बघेन. उघड्या मुठीच्या सुऱ्यात ते दिसतं, बंद मुठीच्या सुऱ्यात कंपनीवर विश्वास ठेवावा लागतो.

म्हणून बहुतेक मोठ्या सुऱ्यांत पात्याची सलग पट्टी मुठीच्या शेवटापर्यंत जाते आणि दोन्ही बाजूंना मुठीच्या फळ्या बसवतात. दक्षिण आफ्रिकेतल्या ख्रिस रीव्ह यांनी दुसरी वाट काढली. त्यांना पोकळ मूठही हवी होती आणि सांधाही नको होता. मग त्यांनी ए२ पोलादाच्या एकाच दांड्यातून पातं आणि मूठ दोन्ही कोरून काढली. सांधा नाही, तर तो तुटणार कुठून?

करवतीच्या दातांबद्दल जाता जाता. अमेरिकन वैमानिकांच्या सुऱ्यावर ते होते, पण विमानाचा पातळ ॲल्युमिनियमचा पत्रा फाडून बाहेर पडण्यासाठी. लाकूड कापायचं तर दात आळीपाळीनं डावी-उजवीकडे वळवलेले लागतात. जाड पाठीवर कोरलेले दात लाकडात भुसा भरून अडकतात, आणि फांदी फोडताना ठोकायचं दांडकं मात्र खाऊन टाकतात.

मुठीसाठी आता बहुधा मायकार्टा वापरतात: कापडाचे थर राळेत भिजवून, तापवून, दाबून केलेला ठोकळा. पावसात फुगत नाही, उन्हात आक्रसत नाही, आणि ओला झाला तरी हाताला धरून राहतो. लाकूड दिसायला सुंदर, पण एक कोकणी पावसाळा गेला की फळी आणि पोलाद यांच्यात नख जाईल एवढी फट पडू शकते.

घाव कुठे बसवायचा

तोडताना काम करतो तो वेग. वजन दुप्पट केलं तर घावातली ऊर्जा दुप्पट होते, वेग दुप्पट केला तर चौपट. लांब पात्याचं टोक हातापासून दूर असतं म्हणून तेवढ्याच झोक्यात जास्त वेगानं फिरतं. जड सुऱ्यानं हात लवकर थकतो आणि वेग पडतो. त्यामुळे एका मर्यादेपुढे वजन वाढवण्यात तोटाच. सुरा बोटावर तोलून बघावा. तोल मुठीच्या पुढे, पात्यात पडत असेल तर तो तोडायला चांगला. मुठीवरच पडत असेल तर बारीक कामाला. खुकरीचं पातं पुढे झुकलेलं आणि रुंद असतं ते याचसाठी.

घाव अगदी टोकानं मारला की मूठ हातात उसळते आणि तळव्याला झिणझिण्या येतात. सुरा एकाच वेळी मागे ढकलला जातो आणि स्वतःभोवती फिरूही पाहतो. टोकापासून साधारण एक तृतीयांश अलीकडे एक जागा अशी असते, की तिथे घाव बसला तर या दोन्ही हालचाली मुठीपाशी एकमेकींना रद्द करतात. ती जागा चार-सहा घावांत हाताला सापडते. धार तिथेच सर्वांत लवकर जाते, कारण काम तिथेच होतं.

फांदी आडवी तोडताना सरळ घाव घालू नये. एकदा डावीकडून तिरपा, एकदा उजवीकडून तिरपा, म्हणजे मधला ढलपा उडून जातो. आणि उभ्यानं तोडू नये. घाव चुकला तर उभ्या माणसाचा सुरा वर्तुळात फिरत थेट नडगीवर येतो. गुडघ्यावर बसलं, समोर ओंडका ठेवला, की चुकलेला घाव ओंडक्यात किंवा मातीत जातो. धार बोथटेल. बोथटू दे.

कडाक्याच्या थंडीत पोलाद अधिक ठिसूळ होतं, म्हणून हिमालयात किंवा युरोपच्या उत्तरेत पहाटेचे पहिले घाव हलके ठेवावेत.

क्रोमियम असूनही गंज

‘बारा टक्के क्रोमियम आहे आणि तरी गंजला’ ही तक्रार डी२च्या मालकांकडून हमखास येते. क्रोमियम हवेतल्या ऑक्सिजनशी जुळून पोलादावर अतिशय पातळ, सलग थर धरतं. तो ओरखडला तरी पुन्हा भरून येतो. स्टीलची भांडी गंजत नाहीत ती त्यामुळे. पण त्यासाठी क्रोमियम मोकळं असावं लागतं. डी२मधलं बरंचसं क्रोमियम वर सांगितलेल्या कठीण कणांमध्ये कार्बनशी बांधलेलं असतं. ते धार टिकवतं, गंज रोखत नाही. ३व्हीमध्ये तर मुळातच साडेसात टक्के. फॉलक्निव्हेन वापरत आलेल्या व्हीजी१० या जपानी पोलादात १५ टक्क्यांच्या आसपास असतं, म्हणून ते खऱ्या अर्थानं न गंजणाऱ्यांत मोडतं. समुद्रकाठी तेही अभेद्य नाही. मिठातलं क्लोराइड त्या पातळ थराला टाचणीएवढी भोकं पाडतं आणि गंज आत उतरतो. रत्नागिरी किंवा पणजीत राहणाऱ्यानं दर आठवड्याला पातं बघावं.

साध्या कार्बन पोलादाला यातलं काहीच संरक्षण नसतं, पण ते स्वतःचं एक करून घेतं. कैरी, लिंबू, कच्चं केळं कापलं की लोखंडी विळी काळी-निळी पडते. तसाच काळपट थर सुऱ्यावर धरला तर तो ठेवावा. तो पोलादाला घट्ट चिकटून बसतो आणि पुढची झीज मंदावते. नारिंगी गंज मात्र भुसभुशीत असतो, ओल धरून ठेवतो आणि त्याखाली खाणं चालूच राहतं. तो दिसला की तेल टाकून बारीक स्टीलवूलनं लगेच काढावा.

सर्वांत मोठा शत्रू म्हणजे सुंदर चामड्याचं म्यान. चामडं कमावताना वापरलेली द्रव्यं त्यात उरतात, वर ते हवेतली ओल शोषतं. जूनमध्ये म्यानात घातलेला सुरा गणपतीत बाहेर काढला तर पात्यावर म्यानाच्या शिवणीचा नकाशा उमटलेला असेल. म्यान वाहून नेण्यासाठी असतं, ठेवण्यासाठी नाही. कायडेक्स या प्लॅस्टिकचं म्यान ओल धरत नाही, पण त्यात वाळूचे कण अडकले की दर वेळी पात्यावर रेघा ओढतात. अधूनमधून ते पाण्यानं धुवावं.

तेल कोणतं? खाण्याला सुरा लागणार असेल तर औषधाच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन. नसेल तर शिलाई मशीनचं तेल. जवसाचं किंवा करडईचं नको, ती हवेत सुकून चिकट होतात.

> चौकट: घरी परतल्यावर
> पातं साबणानं धुवून लगेच पुसावं; मुठीच्या सांध्यात पाणी राहतं, तिथे पंख्याची हवा द्यावी. उजेडात धार समोर धरून बघावी. चकाकणारा ठिपका दिसला तर तिथे धार वळली किंवा बोथटली आहे. तेलाचा बोटभर हात फिरवावा, ओघळेल इतकं नको. सुरा म्यानाबाहेर, कोरड्या सुती कापडात, मुलांच्या हाताला लागणार नाही अशा कुलपात.

धार परत आणणं

गल्लीत सायकलवर चाक फिरवत येणाऱ्या धारवाल्याकडे हा सुरा देऊ नये. त्याचं कसब वाईट असतं म्हणून नाही. कोरड्या, वेगानं फिरणाऱ्या चाकावर धारेची कागदाहून पातळ कड क्षणात तापते. ती निळी दिसली, म्हणजे तिथलं पोलाद तीनशे अंशांच्या आसपास गेलं आणि साध्या पोलादाला पाजलेलं पाणी त्या कडेपुरतं उतरलं. विळीच्या बाबतीत हे चालून जातं, पुढच्या महिन्यात तो पुन्हा येतोच.

मोठ्या सुऱ्याची धार बऱ्याचदा सपाट उताराची नसते, तिला दोन्ही बाजूंना किंचित फुगीर गोलाई असते. धारेच्या लगेच मागे जास्त पोलाद राहतं, त्यामुळे ती फुटत नाही. आणि गोल अंगाचा फार थोडा भाग लाकडाला चिकटत असल्यानं घाव घातल्यावर सुरा अडकत नाही, सुटून येतो. सपाट दगडावर ही गोलाई घासून सपाट होते. सोपा उपाय असा: वॉटर पेपर जुन्या माउसपॅडवर ठेवायचा आणि पातं पाठ पुढे, धार मागे असं ओढायचं. खालचं रबर दबतं, कागद गोलाईला लपेटतो. आधी ४०० नंबर, मग ८००, मग १५००. जोर नको, वजन सुऱ्याचंच पुरे.

कोन बरोबर आहे का हे कसं कळणार? धारेच्या दोन्ही बाजूंना मार्कर पेननं शाई लावा आणि दोन हात ओढा. शाई कडेपर्यंत गेली तर कोन बरोबर. फक्त वरच्या अंगावरची गेली तर पातं फार निजलेलं आहे. फक्त अगदी कडेची गेली तर फार उभं. एका बाजूनं पुरेसं घासलं की दुसऱ्या बाजूला अंगठ्याला खरखरीत कोर लागते. कोर धारेच्या पूर्ण लांबीला लागेपर्यंत बाजू बदलू नये. बहुतेकांची धार बिघडते ती इथल्या घाईनं. मग दुसऱ्या बाजूनं तसंच, आणि शेवटी जुन्या पट्ट्याच्या चामड्यावर पॉलिशची हिरवी वडी घासून त्यावर दोन्ही बाजू आळीपाळीनं ओढायच्या, म्हणजे ती कोर निघून जाते. व्हॅनेडियमचे कण साध्या धारेच्या दगडापेक्षाही कठीण असतात, त्यामुळे ३व्हीसारखं पोलाद फार बोथटू दिलं तर हिऱ्याची पट्टी लागते. थोडं थोडं, वेळेवर घासणं स्वस्त पडतं.

कामावरून परतलेली धार वाचायलाही शिकावं. जागोजागी वळली असेल तर पोलाद मऊ आहे किंवा कोन फार बारीक ठेवला आहे. खाचा पडल्या असतील तर पोलाद ठिसूळ आहे किंवा घाव दगडावर गेला. बऱ्याचदा दुसरंच कारण असतं आणि मालक पहिलं सांगतो.

एका सुऱ्यात सगळं?

जे लोक पिढ्यानपिढ्या मोठं पातं वापरत आले, त्यांनी त्याच्याकडून सगळ्या कामांची अपेक्षा कधी केली नाही. युरोपच्या उत्तरेतले सामी लोक ‘लेउकू’ हा मोठा सुरा बाळगतात तो लहान सुरीच्या जोडीनं. खुकरीच्या म्यानात मागे दोन छोटी पाती असतात: ‘कर्द’ बारीक कापायला आणि बोथट ‘चकमक’ धार सरळ करायला आणि गारगोटीवर ठिणगी पाडायला. कोकणातला माणूस कमरेच्या आकडीला कोयता लावून माडावर चढतो, पण खोबरं विळीवरच कापतो. एकाच पात्यानं सारं निभवायची कल्पना वैमानिकांसारख्यांच्या अडचणीतली, त्यांच्या बसण्याच्या जागेत फार सामान मावत नाही. पाठपिशवीत जागा असणाऱ्यानं ती उसनी घेण्याचं कारण नाही. मोठ्या सुऱ्याबरोबर तीन-चारशे रुपयांची पातळ सुरी ठेवावी. मोठा निम्म्या वेळाच बाहेर काढावा लागतो आणि त्याची धारही टिकते.

नऊ इंचांची रेघ

शस्त्र कायदा १९५९चा. त्याखालच्या नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची धारदार हत्यारं शस्त्र म्हणून मोजली आहेत. घरगुती, शेतीची, शास्त्रीय आणि उद्योगातली अवजारं त्यातून वगळली आहेत. कोयता शेतीचा म्हणून सुटतो, तेवढ्याच मापाचा सर्व्हायवल नाइफ सुटेलच असं नाही. अशा हत्यारांना परवाना सरकारनं अधिसूचना काढलेल्या भागातच लागतो. शिवाय महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली सणावाराला, निवडणुकीला मनाई आदेश निघतात, तेव्हा सार्वजनिक जागी कोणताही सुरा बाळगणं अंगाशी येतं. विमानात तो हातातल्या सामानात चालत नाही, फक्त खाली जाणाऱ्या बॅगेत.

ट्रेकिंग करणाऱ्यांना सहसा माहीत नसतो तो भाग वेगळाच. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२चा, आणि त्यातल्या ‘शस्त्र’ या शब्दाच्या व्याख्येत सुरी थेट नावानिशी आहे. अभयारण्यात शस्त्र घेऊन जायला मुख्य वन्यजीव रक्षकांची आधी लेखी परवानगी लागते. कळसूबाई, हरिश्चंद्रगड, भीमाशंकर, कोयना ही सगळी अभयारण्यांची ठिकाणं. राखीव जंगलात झाड तोडणं आणि आग पेटवणं हा वेगळा गुन्हा. म्हणजे फांदी फोडून शेकोटी करायचा सराव करायचा तर स्वतःच्या शेतात, वखारीतून आणलेल्या लाकडावर. घेतानाच पातं १६-१८ सेंटीमीटरांचं घ्यावं: नऊ इंचांच्या बरंच आत राहतं, आणि मनगटाएवढी फांदी फोडायला पुरतं.